मुलांचीं चित्रें व मनाचें मोजमाप

अक्षरओळख होण्यापूर्वीं मुलाच्या हातीं खडू येतो, आणि खडू हातीं येतांच घराची एकहि भिंत कोरी राहत नाहीं, हा अनुभव बहुतेक गृहस्थाश्रमी वाचकांस असेलच. त्या रेघोट्या आईबापांच्या कधीं कौतुकाचा तर कधीं त्राग्याचा विषय होतात. परंतु गेल्या शंभर-सवाशें वर्षांत त्याच रेघोट्या शास्त्रज्ञांच्याहि अभ्यासाचा विषय होऊन बसल्या आहेत. मुलाच्या चित्रावरून त्याची बुद्धि मोजतां येते, त्याचा स्वभाव ओळखतां येतो, त्याच्या मनांत दडलेलें दुःख वाचतां येतें, अशीं विधानें आज व्याख्यानांतून, मासिकांतून आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावरूनहि आपल्यावर आदळत असतात. काळा रंग वापरला म्हणजे मूल उदास, कागदाच्या कोपऱ्यांत चित्र काढलें म्हणजे भित्रें, डोळे मोठे काढले म्हणजे संशयी, अशीं तयार कोष्टकेंहि मिळतात. तीं वाचून एखादी माउली घाबरून शिक्षकांकडे धांव घेते. एखादा शिक्षक वर्गांतल्या मुलास मनांतल्या मनांत एक नांव ठेवून मोकळा होतो.

या विधानांत खरें किती आणि पोकळ किती, याचा विचार विद्यार्थी, पालक व शिक्षक या तिघांनींहि करावा, या हेतूनें हा लेख आम्ही लिहीत आहों. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. चित्र हा मुलांच्या ज्ञानाचा व समजुतीचा एक चांगला साक्षीदार आहे. परंतु एखाद्या मुलाच्या अंतःकरणाविषयीं निकाल देण्याचा अधिकार त्यास देणें अन्यायाचें होईल.

या अभ्यासाचा प्रारंभ मोठा मौजेचा आहे. इटली देशांतील कोर्रादो रिच्ची हे गृहस्थ एकदां बोलोन्या शहरांत पावसापासून आडोसा मिळावा म्हणून एका कमानीच्या ओसरीखालीं उभे राहिले. तेथील भिंतीवर मुलांनीं काढलेल्या चित्रांची गर्दी त्यांच्या दृष्टीस पडली, आणि तीं न्याहाळतां न्याहाळतां मुलांच्या कलेविषयीं त्यांस कुतूहल उत्पन्न झालें. त्यांतूनच १८८७ सालीं त्यांचें मुलांच्या कलेवरील पुस्तक निघालें. पुढें फ्रान्समधील ल्यूके यांनीं आपल्या सिमोन नांवाच्या कन्येचीं चित्रें जपून ठेविलीं व १९१३ सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. लहान मूल डोळ्यांस दिसतें तें काढीत नसून मनास ठाऊक असतें तें काढतें, हा विचार त्यांच्या विवेचनामुळें विशेष प्रसिद्धि पावला.

हा विचार समजण्यास एक साधा प्रयोग पुरेसा आहे. १९७२ सालीं फ्रीमन व जॅनिकून या संशोधकांनीं मुलांसमोर एक कप ठेविला. त्याचा कान मागच्या बाजूस असल्यामुळें दिसत नव्हता. कपावरचें फूल मात्र समोर स्पष्ट दिसत होतें. जसा दिसतो तसा हा कप काढा, असें मुलांस सांगितलें. आठ वर्षांखालच्या मुलांनीं बहुधा न दिसणारा कान काढला आणि दिसणारें फूल गाळलें. त्याहून मोठ्या मुलांनीं कान गाळून फूल काढलें. लहान मुलांची नजर अधू होती काय? मुळींच नाहीं. कपास कान असतो, म्हणूनच तो कप, हें ज्ञान त्यांच्या डोळ्यांपेक्षां बलवत्तर ठरलें. तेव्हां घराच्या भिंतींतून आंतली चूल दाखविणारें, किंवा आईच्या पोटांतलें बाळ बाहेरून काढणारें मूल चुकत नसतें; आपल्याला काय माहीत आहे हें तें आपणांस सांगत असतें. चित्रांतून मुलांच्या समजुतीचा शोध घेतां येतो, या म्हणण्यास येथें खरा आधार मिळतो.

याच पायावर अमेरिकेंतील मिनेसोटा विश्वविद्यालयाच्या फ्लॉरेन्स गुडइनफ या विदुषीनें १९२६ सालीं एक कसोटी जगापुढें मांडली. मुलास कागद व पेन्सिल द्यावी आणि एक माणूस, जितका चांगला काढतां येईल तितका, काढावयास सांगावें, एवढीच ती कसोटी. मग ५१ बाबींची यादी घेऊन चित्र तपासावयाचें. डोकें आहे काय, पाय आहेत काय, हात धडास जोडले आहेत कीं डोक्यास, मान दाखविली आहे काय, बोटें पांच आहेत काय, अंगठा बोटांपासून वेगळा काढला आहे काय, अशा एकेका बाबीस एक गुण. चार गुणांचें एक वर्ष धरून त्यांत आरंभींचीं तीन वर्षें मिळविलीं, म्हणजे मुलाचें मानसिक वय निघे. वीस गुण मिळविणाऱ्या मुलाचें मानसिक वय या हिशेबानें आठ वर्षें येई.

या कसोटींत सौंदर्यास गुण नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं नीट लक्षांत ठेवावी. रेघ सुबक आहे कीं वांकडी, चेहरा हंसरा आहे कीं रडका, याकडे परीक्षकानें पाहावयाचें नाहीं. एलिमेंटरी किंवा इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेंत उत्तम श्रेणी मिळविणाऱ्या विद्यार्थ्याची कला निराळी, आणि हें मोजमाप निराळें. कसोटीचे गुण उघड आहेत. तीस भाषा लागत नाहीं, मुलें तीस घाबरत नाहींत, खर्च कागद-पेन्सिलीपुरता, आणि काय मोजावयाचें हें आधीं लिहून ठेविलेलें असल्यामुळें दोन परीक्षकांचे गुण बव्हंशीं जुळतात. पुढें १९६३ सालीं डेल हॅरिस यांनीं तिची सुधारणा केली व पुरुषाच्या चित्राबरोबर स्त्रीचेंहि चित्र काढून घेण्याची पद्धति घातली.

परंतु चांगल्या साधनासहि मर्यादा असते. लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील संशोधकांनीं ७,७५२ जुळ्या जोड्यांचीं चित्रें तपासून आपले निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध केले. चौथ्या वर्षीं काढलेल्या बालकाच्या चित्राचे गुण आणि त्याच वयांतील बुद्धिमापनाचे गुण यांचा मेळ ०.३३ इतका आढळला; चौदाव्या वर्षींच्या बुद्धिमापनाशीं तो ०.२० भरला. यांत १ म्हणजे पूर्ण मेळ आणि ० म्हणजे मुळींच मेळ नाहीं, असें समजावयाचें. याचा अर्थ असा कीं, हजारों मुलांचा एकत्र विचार केला तर चित्र व बुद्धि यांचें कांहींतरी नातें दिसतें खरें. परंतु तें इतकें सैल आहे कीं, एका मुलाचें चित्र हातीं घेऊन त्याचें भविष्य सांगूं पाहणारा बहुधा फसेल. पावसाळ्यांत पाऊस अधिक पडतो, हें खरें. म्हणून अमुक तिथीस अमुक गांवीं तो पडेलच, असें कोणी सांगूं लागल्यास त्यावर पेरणी करणारा शेतकरी शहाणा म्हणतां येणार नाहीं.

दुसरी मर्यादा देशकालाची आहे. चित्राला भाषा लागत नाहीं, म्हणून तें सर्व जगास सारखेंच लागू पडेल, अशी पुष्कळांची समजूत होती. अमेरिकेंतील होपी नांवाच्या आदिवासी जमातींत ही कसोटी लावून पाहतां मुलगे मुलींच्या बरेच पुढें निघाले. त्या जमातींत चित्रें काढणें हें परंपरेनें पुरुषांचें काम. मुलग्यांची बुद्धि अधिक नव्हती. त्यांना चित्राचा सराव व अगत्य अधिक होतें. अखेर १९५० सालीं गुडइनफ व हॅरिस यांनींच लिहिलें कीं, कोणत्याहि संस्कृतीचा स्पर्श नसलेली कसोटी शोधणें हा भ्रम आहे. स्वतः निर्माण केलेल्या साधनाची मर्यादा स्वतःच जगास सांगणें, यास आम्ही शास्त्रीय प्रामाणिकपणा म्हणतों.

आपल्याकडील उदाहरण घेऊं. गुडइनफ यांच्या यादींत कपड्यांच्या बाबींत बाह्या व पाटलोण दोन्ही दाखविल्याबद्दल गुण होता. धोतर नेसणाऱ्या आजोबांचें चित्र काढणाऱ्या खेड्यांतील नातवानें तो गुण कोठून आणावा? हातपाय एकेरी रेघेनें न काढतां त्यांस जाडी दिली तर आणखी गुण मिळे. ठाणें व पालघर जिल्ह्यांतील वारली लोकांच्या घरांत गेरूनें सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें जीं माणसें काढितात, त्यांचें अंग दोन त्रिकोणांचें व हातपाय एकेरी रेघेचे असतात. ही कला जगापुढें नेणारे जिव्या सोमा म्हसे यांस भारत सरकारनें २०११ सालीं पद्मश्री दिली. त्यांच्या हातचें एखादें नाचणारें माणूस या यादीनें तपासलें, तर किती गुण मिळतील याचा हिशेब विद्यार्थ्यांनींच करून पाहावा. उणीव कोणाची, चित्रकाराची कीं मोजपट्टीची, हें सांगण्याची गरज उरणार नाहीं. आपल्या मुलांस आपलीच मोजपट्टी हवी, ही गोष्ट ओळखून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयांत प्रमिला फाटक यांनीं भारतीय मुलांच्या चित्रांवरून स्वतंत्र मापनपद्धति तयार केली, हें नमूद करण्यास आम्हांस आनंद वाटतो.

येथवर बुद्धीची गोष्ट झाली. खरा धोका यापुढें आहे. बुद्धीचें माप घेणाऱ्यांच्या मागोमाग स्वभावाचें माप घेणारे आले. १९४८ सालीं जॉन बक यांनीं घर, झाड व माणूस यांच्या चित्रांवरून मनुष्याची पारख करण्याची पद्धति मांडली. १९४९ सालीं कॅरेन मॅकोव्हर यांचें माणसाच्या चित्रावरून स्वभावदर्शन करणारें पुस्तक निघालें. मनुष्य चित्र काढतो तेव्हां नकळत स्वतःसच कागदावर उतरवितो, अशी या मताची मांडणी. कल्पना चटकन् पटण्यासारखी असल्यामुळें ती रुग्णालयांत, शाळांत आणि न्यायालयांतहि शिरली. परंतु पटणें निराळें आणि सिद्ध होणें निराळें. स्वेन्सन यांनीं १९५७ सालीं तोंपर्यंतचें संशोधन एकत्र करून पाहिलें, तों मॅकोव्हर यांच्या बहुतेक सूत्रांस पुरेसा आधार सांपडला नाहीं.

मग अनुभवी वैद्यांस हीं चिन्हें खरीं कां वाटत होतीं? याचें उत्तर लोरेन व जीन चॅपमन या दांपत्यानें १९६७ सालीं दिलें, आणि तें प्रत्येक पालकानें व शिक्षकानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्यांनीं माणसांचीं ४५ चित्रें घेतलीं. प्रत्येक चित्राखालीं तें काढणाऱ्याचीं म्हणून कांहीं लक्षणें लिहिलीं. जसें, हा इतरांविषयीं संशय बाळगतो, किंवा यास स्वतःच्या हुशारीची काळजी वाटते. गंमत अशी कीं, कोणत्या चित्राखालीं कोणतें लक्षण यावें, हें चिठ्ठ्या टाकाव्या तसें केवळ योगायोगावर सोडलें होतें. चित्र व लक्षण यांचा काडीइतका संबंध नव्हता. हीं चित्रें ज्यांनीं या पद्धतीचें नांवहि ऐकलें नव्हतें अशा विद्यार्थ्यांस दाखविलीं व काय आढळतें तें विचारलें. विद्यार्थी म्हणाले, संशयी माणसें डोळे विचित्र काढितात, आणि हुशारीची काळजी करणारीं डोकें मोठें काढितात. अनुभवी मानसशास्त्रज्ञ हेंच सांगत आले होते! चित्रें पुनःपुन्हां पाहावयास दिलीं तरी भ्रम गेला नाहीं. डोळा व संशय, डोकें व बुद्धि, यांची सांगड भाषेंत व मनांत आधींच पडलेली असते. तीच पाहणाऱ्यास चित्रांत दिसूं लागते. अशा वेळीं चित्र काढणाऱ्याच्या मनाऐवजीं चित्र पाहणाऱ्याचेंच मन उघडें होतें.

नाताळच्या दिवसांत मौज वाटेल असें एक उदाहरण आहे. १९५७ सालीं सॉली व हेग यांनीं प्रसिद्ध केलें कीं, नाताळ जवळ येतो तसतसा मुलांच्या चित्रांतील सांताक्लॉज मोठा होत जातो, आणि सण संपतांच लहान होतो. आनंद वाढला म्हणून आकार वाढला, असा अर्थ त्यावरून काढण्यांत आला. परंतु १९६४ सालीं सेच्रेस्ट व वॉलेस यांनीं ही उपपत्ति तपासून ती टिकत नसल्याचें दाखविलें. आम्हांस वाटतें, आकार कां वाढला याचीं इतर कारणेंहि असूं शकतात; डिसेंबरांत दुकानोदुकानीं, घरोघरीं तोच दाढीवाला म्हातारा टांगलेला असतो, आणि नित्य पाहिलेली वस्तु मूल अधिक तपशिलानें काढतें. तपशील वाढला कीं जागा वाढते. कारण एकच आहे असें मानण्याची घाई शास्त्रास घातक असते.

तर मग चित्रें काढून घेणें सोडूनच द्यावें काय? तसें म्हणणें दुसऱ्या टोकास जाणें होईल. अनेक मुलांचीं चित्रें एकत्र ठेवून, काय मोजावयाचें तें आधीं ठरवून, एखाद्या समाजांतील मुलांच्या कल्पना काय आहेत हें पाहावयाचें असेल, तर चित्रासारखें साधन विरळा. डेव्हिड चेंबर्स यांनीं १९६६ ते १९७७ या अकरा वर्षांत, मुख्यतः कॅनडा व अमेरिका येथील, ४,८०७ मुलांकडून शास्त्रज्ञाचें चित्र काढून घेतलें. मुलांनीं पांढरा झगा, चष्मा, दाढी व कांचेच्या नळ्या काढल्या. आणि स्त्री-शास्त्रज्ञ किती? अवघ्या २८; त्याहि साऱ्या मुलींनीं काढलेल्या. मुलांस तोंडीं विचारलें असतें तर स्त्रियाहि शास्त्रज्ञ होऊं शकतात, असें त्यांतील कित्येकांनीं सांगितलें असतें. पण पेन्सिल हातीं घेतल्यावर मनांत जी मूर्ति प्रथम उभी राहिली ती पुरुषाची. २०१८ सालीं मिलर व सहकाऱ्यांनीं अमेरिकेंतील अशा ७८ अभ्यासांचा एकत्र विचार केला, तेव्हां अलीकडच्या दशकांत सरासरीनें शंभरांपैकीं सुमारें २८ मुलें स्त्री-शास्त्रज्ञ काढूं लागल्याचें दिसलें; मात्र मुलें वयानें वाढतात तसें हें प्रमाण घटतें. या चित्रांनीं कोणा एका मुलाविषयीं कांहीं सांगितलें नाहीं. समाज आपल्या लेकरांच्या मनांत काय पेरीत आहे, तें सांगितलें. आमच्या मतें चित्राचा हा खरा उपयोग होय.

दुसरा उपयोग बोलतें करण्याचा. न्यूझीलंडमधील ओटागो विश्वविद्यालयाच्या ग्रॉस व हेन यांनीं १९९८ सालीं दाखविलें कीं, तीन ते सहा वर्षांच्या मुलांस एखादा आनंदाचा, दुःखाचा वा भीतीचा प्रसंग नुसता सांगावयास न लावतां चित्र काढीत काढीत सांगूं दिला, तर तीं दुपटीहून अधिक माहिती सांगतात. येथें संशोधकानें चित्राचा अर्थ लावला नाहीं. हात कामांत गुंतला, मोठ्या माणसाची नजर कागदाकडे वळली, आणि मुलाची जीभ मोकळी झाली. मात्र प्रश्न विचारणाऱ्यानें आपलें उत्तर मुलाच्या तोंडीं घालूं नये. २००० सालीं ब्रुक व सहकाऱ्यांस असें आढळलें कीं, सूचक प्रश्न विचारून चित्र काढविलें, तर न घडलेल्या गोष्टीहि मुलांच्या आठवणींत अधिक घट्ट बसतात.

यावरून आमच्या पालकबंधुभगिनींस विनंती अशी कीं, मुलाच्या चित्राचें कोष्टक पाहण्यापूर्वीं मुलास विचारावें. चित्र काळें कां, असें विचारल्यास पुष्कळदां उत्तर येईल कीं, पेटींतले बाकीचे खडू धाकट्या भावानें मोडले. चित्र कोपऱ्यांत कां, तर उरलेल्या जागेंत अजून झाड काढावयाचें राहिलें आहे. हें काय काढलेंस, मला सांग पाहूं, एवढें प्रेमानें म्हणावें आणि मग गप्प बसून ऐकावें. याचा अर्थ चित्राकडे दुर्लक्ष करावें असा नाहीं. एखादें मूल पुनःपुन्हां मारहाणीचें वा भयाचें चित्र काढीत असेल, आणि त्याबरोबर त्याची झोंप, भूक, खेळ, अभ्यास यांतहि फरक पडला असेल, तर त्याच्याजवळ बसावें, त्याचें ऐकावें, व आवश्यक तर शिक्षित समुपदेशकांकडे जावें. तेथेंहि चित्र हें संभाषणाचें दार समजावें. त्यावरून मुलास एखाद्या रोगाचें किंवा दोषाचें नांव कोणी देऊं लागल्यास, आणखी कशावरून, असा प्रश्न पालकांनीं निःसंकोच विचारावा.

शिक्षकवर्गाकडे आमचें मागणें याहून थोडें अधिक आहे. वर्गांत दिलेलें नांव मुलाच्या मागें वर्षानुवर्षें फिरतें. मंद म्हणून एकदां मागच्या बांकावर बसविलेलें मूल पुढें हुशार निघालें तरी त्याचा बांक बदलण्याचें पुष्कळदां राहूनच जातें. एका कागदावरच्या पंधरा मिनिटांच्या रेघोट्यांवर एवढी मोठी गोष्ट टांगूं नये. अंतःकरणाची परीक्षा हें परमेश्वराचें काम आहे, असें आमच्या प्रार्थनामंदिरांत वरचेवर सांगण्यांत येतें; शास्त्राचा शंभर वर्षांचा अनुभवहि मनुष्यास त्याच नम्रतेचा धडा देत आहे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं कांहींजण उद्यां मानसशास्त्राचा अभ्यास कराल. त्या वेळीं चॅपमन दांपत्याचा प्रयोग विसरूं नका. जें पटतें तें तपासा. जें फारच चटकन् पटतें तें दोनदां तपासा. तोंपर्यंत मात्र चित्रें निर्भयपणें काढा. माणसास सहा बोटें काढा, सूर्यास मिशा काढा, डोंगरापेक्षां कोंबडा मोठा काढा. तुमच्या चित्रांत काय आहे, हें आम्हांस ठाऊक नाहीं. तें तुम्हींच आम्हांस सांगावें, आणि आम्ही तें ऐकून घ्यावें, हें आमचें कर्तव्य आहे.